शिशाचं अस्तर

मिरजेत डॉक्टर किती, असं विचारलं तर मिरजकर सांगतो, चहाच्या गाड्यांपेक्षा दोन जास्तच. अशा गावात नवं यंत्र आलं की त्याची ओळख चौकात आधी होते, दवाखान्यात मागाहून. 'अस्तरमापक' हे त्याचं कागदावरचं नाव कुणाच्या जिभेला रुचलंच नाही. सगळे त्याला चुगलखोर म्हणायला लागले. बोटातलं थेंबभर रक्त घेऊन ते यंत्र माणसाच्या शिरांनी आयुष्यभर काय काय सोसलंय ते सांगायचं, आणि न विचारलेलंही सांगून मोकळं व्हायचं.

अनंतमती चौगुलेला यंत्राशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा नवरा धनपाल त्याला बोट देऊन आला तेव्हापासून भाकरी मोडत होता आणि खात नव्हता, एवढंच तिला दिसत होतं.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"काय निघायचं? रक्त निघालं."

"चेष्टा पुरे. मशीन काय म्हणालं?"

"मशीन काय म्हणतंय? माणसंच जास्त बोलायलीत." धनपाल ताटावरून उठला, पाणी प्यायला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा पाणी प्यायला. त्याला एका जागी बसवत नव्हतं, आणि त्याच्याकडं बघून तिलाही बसवेना.

धनपाल अँजिओग्राफीच्या लॅबमध्ये टेक्निशियन. डॉक्टर इरफान शिकलगार रोग्याच्या मनगटातून केसाएवढी तार हृदयाच्या शिरेपर्यंत नेणार, आणि धनपाल त्यांच्या खांद्याला खांदा लावून तारा, नळ्या, फुगे हातात देणार, धरून ठेवणार, सांगितलं की मागं ओढणार. मोठ्या शहरांत हे काम आता यंत्राचा हात करायचा आणि डॉक्टर काचेमागं बसून बटणं दाबायचे. इथल्या दवाखान्यानंही तसा एक हात आणून ठेवला होता. पण छाती धरून, घामानं निथळत माणूस आला की तो हात मांडत बसायला सवड कुणाला? मग शिकलगार आणि धनपालच उभे. अर्धं आयुष्य असं गेलं होतं आणि त्याचा धनपालला केवढा तोरा! "माझ्या बोटांना शीर कळती," असं तो चारचौघांत म्हणायचा.

आणि अनंतमती एप्रन शिवायची. एक्स-रेच्या खोलीत अंगावर शिशाचा एप्रन घालावा लागतो. वरून कापड, आत रबरासारखी चादर, आणि त्या चादरीत शिशाची पूड. नीट टांगला तर एप्रन वर्षानुवर्षं टिकतो. पण इथं घाई. काढला की खुर्चीवर फेक, घडी घाल, त्याच्यावर बस. आतली चादर तडकते आणि तड्यातून किरण आत येतात. लग्नाच्या नव्या दिवसांत धनपालनं असाच एक तडकलेला एप्रन घरी आणला. अनंतमती तेव्हा ब्लाउज शिवायची. तिनं तो उसवला, तडा गेलेला भाग कापून काढला, टाकाऊ एप्रनचा तुकडा आत बसवला आणि वरून अशी शिलाई मारली की शिकलगारांनी विचारलं, नवा कुठून आणला? झालं! मिरजेतल्या निम्म्या दवाखान्यांचे एप्रन तिच्या दारात यायला लागले. ब्लाउज मागं पडले आणि ती एप्रनवाल्या वहिनी झाली. आपल्या टाक्यामागं आपला नवरा सुरक्षित उभा आहे, याचं तिला जे सुख होतं ते दुसऱ्या कशाचंच नव्हतं.

धनपाल तोंड उघडेना. मग ती सरळ शिकलगारांकडं गेली.

"वहिनी, तुम्हाला समजावणं सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "शिरेलाही आतून अस्तर असतं. एका पेशीच्या जाडीचं. ते धड असतं तोवर रक्त सुखानं वाहतं, शीर हवी तेव्हा सैल पडते, हवी तेव्हा आवळते. वय होईल तसं अस्तर विरतं आणि त्याचे कण रक्तात येतात. हे यंत्र ते कण पकडतं आणि त्यांच्यावरची खूण वाचतं. तंबाखूची खूण वेगळी, साखरेची वेगळी."

"यांच्यात कसली निघाली?"

"किरणांची."

त्यांनी पडद्यावर धनपालच्या गळ्याच्या सोनोग्राफीतल्या दोन मोठ्या शिरा दाखवल्या. उजवी त्याच्या वयाला शोभेल अशी होती. डावी मात्र वीस वर्षांनी म्हातारी, खरबरीत, एका ठिकाणी फुगलेली.

"किरण थेट आमच्या अंगावर येत नाहीत," डॉक्टर सांगत होते. "रोग्याच्या अंगावर आपटतात आणि खोलीभर विखुरतात. टेबलाशी आम्ही उभे राहतो ते डावं अंग एक्स-रेच्या नळीकडं करून. रोज थोडे थोडे किरण लागतात. अस्तराच्या काही पेशी मरतात. काही मरत नाहीत, नुसत्या म्हाताऱ्या होऊन धुमसत बसतात. तिथं सूज येते, चरबी चिकटते, चुना साठतो. आम्हाला आपलं वाटायचं, किरणांची भीती म्हणजे कॅन्सरची. शिरांकडं लक्ष जायला फार उशीर झाला."

"पण बिल्ला असतो की छातीला, किरण मोजायला?"

शिकलगार खिडकीबाहेर बघायला लागले. बिल्ल्याची गोष्ट साऱ्या लॅबला ठाऊक होती. बिल्ल्यात आकडा चढला की माणसाला टेबलापासून लांब बसवतात. मग काम कुणी ओढायचं? म्हणून बिल्ला खुंटीला अडकवायचा आणि मगच आत जायचं, ही तिथली रीत. बिल्ल्याला विचाराल तर धनपालनं जन्मात एक्स-रे बघितला नव्हता.

"आणि गळपट्टा? गळ्याला तर शिशाचा पट्टा बांधतात."

"तेच कोडं आहे." त्यांनी चित्र मोठं केलं. "पट्टा असूनसुद्धा सगळं नुकसान इथंच एकवटलंय. डावीकडं, जबड्याच्या खाली. जेमतेम दोन बोटं जागा."

अनंतमतीनं आपली दोन बोटं पडद्यावरच्या त्या जागेशी धरून बघितली. पट्टा डाव्या बाजूला टोचतो, वाकलं की कातडी सोलवटते, असं धनपाल म्हणाला होता. आणि तिनं मायेनं, हौसेनं, त्याच्या पट्ट्याला डावीकडं दोन बोटांचा गळा कातरून दिला होता. ब्लाउजला देतात तसा. पुढचा प्रत्येक पट्टा तिनं त्याच मापाचा केला होता.

"एक सांगून ठेवतो," शिकलगार म्हणाले. "उजवा हात अचानक गळाला, बोलताना शब्द अडखळले, तर समजा त्या शिरेतला कचरा मेंदूकडं निघाला. आपोआप बरं वाटलं तरी घरी थांबायचं नाही. त्याला टेबलापासून लांब ठेवायचं मी बघतोय, पण तो ऐकतो कुठं? यंत्रात किरणांची खूण निघाली त्याला टेबलाशी उभं करायचं नाही, हा नियम पहिल्या तारखेला लागेल, तोवर दार उघडंच आहे."

"तुमचं किती निघालं, डॉक्टर?"

"मी अजून बोट दिलेलं नाही," ते म्हणाले आणि हसले. पण ते हसू काही खरं नव्हतं. मग विषय बदलायचा म्हणून त्यांनी यंत्र तिच्याकडं सरकवलं. "आलाच आहात तर तुम्हीही द्या थेंब. घरच्यांचं घेतोच आहोत, तुलनेसाठी."

"मी कशाला? मी त्या खोलीत कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही."

पण तिनं बोट पुढं केलं. आणि चुगलखोरानं आपलं काम केलं. किरणांची खूण नाहीच. अस्तर मात्र तिच्या वयापेक्षा कितीतरी पुढं गेलेलं, आणि खूण एकच. शिशाची.

"घरात बॅटऱ्या फोडता का कुणी? जुना रंग खरवडता?" डॉक्टर विचारत होते. विचारता विचारता त्यांची नजर दारामागच्या एप्रनवर गेली. एप्रनवर तिचीच शिलाई होती.

"तडा कापताना पूड उडते?" त्यांनी हळूच विचारलं.

"उडतीच की. मी फुंकर मारून घालवते."

"आणि दोरा?"

"दोरा काय? ओठानं ओला करायचा, ओवायचा, दातांनी तोडायचा. सगळेच टेलर तसं करतात."

शिकलगारांनी कपाळाला हात लावला. "शिसं महालबाड, वहिनी. शरीराला ते कॅल्शियमच वाटतं. म्हणून हाडांत जाऊन राहतं, वर्षानुवर्षं. पाळी जायचं वय आलं, हाडं झिजायला लागली की तिथून पुन्हा रक्तात उतरतं. शिरेला सैल पडायला जे लागतं, तेच ते मारून टाकतं. तुमचं बीपी गोळ्यांना दाद देत नाही, ते उगाच नाही. काढता येतं ते, औषध आहे, सावकाश निघेल. पण आधी आत जायचं थांबलं पाहिजे. आजपासून एक टाकासुद्धा नाही."

ती घरी कशी आली ते तिचं तिला ठाऊक. रस्त्यात कुणीतरी "काय एप्रनवाल्या वहिनी!" म्हणून हाक मारली तर तिला रडूच कोसळलं. ज्याच्यासाठी हाडांत शिसं भरून घेतलं, तोही वाचला नव्हता. कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं, म्हणून ती घरात शिरल्या शिरल्या धनपालवरच चिडली.

"सोडा ते काम. उद्यापासून जायचं नाही."

धनपालच्या कानावर तिचं आधीच आलं होतं. मिरज ती मिरज. तो तिच्या शिलाई मशीनचा पट्टा काढून हातात घेऊन उभा होता.

"आधी तू सोड," तो म्हणाला. "हे घे, मशीन बंद. आता कर की शिवण."

"माझं सोडायला काय लागतंय? तुमच्या गळ्यात सुरुंग पेरलाय तिथं!"

"आणि तुझ्या हाडांत काय साखर भरलीय?"

"पट्टा मीच कातरला, अवो! दोन बोटं! डॉक्टरांनी बरोबर तेवढीच जागा दाखवली."

"मी सांगितलं म्हणून कातरलास."

"मी ऐकायला नको होतं!"

"आणि एप्रन घरात कुणी आणला पहिला? शेजारच्यानं?" धनपालचा आवाज फाटला. "माझी बायको माझ्यामागं उभी हाय म्हणून मिरवत फिरलो गावभर. उभी करून विष पाजलं तुला."

दोघंही रडले, आणि रडून झाल्यावर पुन्हा तिथंच आले. तुम्ही आधी, तू आधी. धनपालचं म्हणणं, हाताखालचा नवा पोरगा नायकवडी अजून कच्चा आहे, तार वळणावर अडली की घाबरतो. रोगी टेबलावरच दगावला तर पाप कुणाच्या माथी? पहिल्या तारखेपर्यंत जातो, तोवर त्याला तयार करतो, मग आपण होऊन बाहेर. अनंतमतीनं गयावया केली, बोलणं टाकलं, दिवस मावळायच्या आत दोघं जेवायची तो नेम मोडून उपाशी झोपली. तो ढिम्म हलला नाही. सकाळी उठायचा आणि जायचा. ती दिवसभर घरात येरझाऱ्या घालायची. हात रिकामे, कान फोनकडं. दवाखान्यांची माणसं एप्रन घेऊन यायची, त्यांना ती दारातूनच परत पाठवायची. कुणी खोदून विचारलं तर अंगावर धावून जायची.

मग एका सकाळी चहाचा कप धनपालच्या हातातून पडला.

तो कपाकडं बघत राहिला. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "मती," असं त्याला म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच, अर्थ नसलेलं. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्याच्या डोळ्यांत अशी भीती तिनं कधी पाहिली नव्हती. ती फोनकडं धावली, पण नंबर लागायच्या आत मागून आवाज आला.

"थांब. आलं. आलं परत." तो बोटं उघडमीट करत होता. "बग, काही नाही. रग लागली असेल."

"रग? जिभेला रग लागते?" ती ओरडली. "उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात!"

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. लॅबचाच. शेतातून कुणाला तरी आणलं होतं, हृदयाची मुख्य शीर बंद, शिकलगार हात धुवायला गेले, धनपालला बोलवा. धनपालनं ऐकलं आणि त्याचा चेहराच पालटला. मघाची भीती कुठल्या कुठं गेली.

"चल, तुझ्या मनासारखं झालं," तो चपला शोधत म्हणाला. "दवाखान्यातच चाललोय की."

"पेशंट म्हणून चला."

"आधी त्याचं उरकतो. मग माझं." आणि त्यानं खुंटीवरच्या एप्रनकडं हात केला. स्वतःचा एप्रन तो लॅबमध्ये ठेवायचा नाही, कुणी घडी घालेल म्हणून रोज घरी आणायचा.

अनंतमतीनं तो आधी ओढून घेतला. जमिनीवर पसरला, गुडघ्यांवर बसली आणि आपली मोठी कात्री एप्रनच्या छातीत घातली.

"काय करतीस! येड लागलं काय?"

"जा की तुम्ही. लॅबमध्ये ढीगभर एप्रन हायत, त्यातला घाला." कात्री करकरत पुढं गेली. जुनी चादर तुटत होती, कडेनं राखाडी पूड सांडत होती, सकाळच्या उन्हात तरंगत होती. "तुम्ही तिथं उभे राहाल तेवढा वेळ मी इथं कापत बसणार. हा संपला की दुसरा आणीन. तुमचा जीव तुमचा असंल, तर माझा माझा हाय."

"मती, पूड उडायलीय. तोंड बाजूला घे!"

"उडू दे."

"सोड ती कात्री!"

"आधी तुम्ही सोडा."

तिनं मोठा श्वास घेतला. मुद्दाम, त्याला दिसेल असा. आणि धनपाल, ज्यानं शिकलगारांचं ऐकलं नव्हतं, यंत्राचं ऐकलं नव्हतं, स्वतःच्या गळलेल्या हाताचं ऐकलं नव्हतं, तो तिच्यासमोर धपकन बसला. त्यानं आपल्या तळव्यानं तिचं नाकतोंड झाकलं, दुसऱ्या हातानं कात्रीसकट तिचा हात धरला.

"सोडलं," तो म्हणाला. "सोडलं म्हणतोय न्हवं? श्वास घेऊ नको. ऊठ."

त्यानं तिला उचलूनच परसात नेलं. ओल्या फडक्यानं तिचा चेहरा पुसला, केस पुसले, नळ सोडून कोपरापर्यंत हात धुवायला घेतले. खिशातला फोन केव्हाचा वाजत होता. त्यानं तो काढला, आवाज मोठा केला आणि धुण्याच्या दगडावर ठेवला.

"धनपाल, कुठं आहेस?" शिकलगार ओरडले. "तार वळणावर अडली आहे!"

"घरी हाय, सर. येत न्हाई मी." तो फोनकडं वाकला. "नायकवडी हाय न्हवं शेजारी? त्याला म्हणावं, ढकलू नको. थोडी मागं घे. घेतलीस? आता बोटांत फिरव नुसती. जोर करू नको लेका, शीर हाय ती. ती वाट देती, तू थांब."

अनंतमती त्याच्याकडं बघत होती. त्याच्या बोटांत तिचं मनगट होतं आणि बोलता बोलता तो ते हलकेच फिरवत होता, साबण चोळत होता, बोटांच्या बेचक्यांतून पाणी सोडत होता.

"गेली!" पलीकडून नायकवडीचा आवाज आला. लहान पोरासारखा ओरडला तो. "दादा, गेली पुढं!"

"गेली ना? आता फुगा चढव. सर सांगतील तसं."

नळ वाहत होता. शेवटी शिकलगारांचा श्वास सुटलेला ऐकू आला. "रक्त सुरू झालं. वाचला. धनपाल, पण तू का..."

"टेबल पुसून ठेवा, सर. अर्ध्या तासात येतो. पेशंट म्हणून. आज सकाळी उजवा हात गेला होता, बोलणंही गेलं होतं. मतीनं बघितलंय, ती सांगेल सगळं." तो थांबला. "आणि सर, तुम्हीही आज बोट देऊन टाका."

त्यानं फोन बंद केला. अनंतमतीनं ओल्या हातांनीच त्याचा सदरा धरला आणि हुंदके देऊन रडायला लागली. त्यानं तिला रडू दिलं. मग तिचे हात पुन्हा नळाखाली ओढून घेतले.

"नखं दाखव," तो म्हणाला. "नखांत राहतंय."